डाव्या खांद्याचं पॅड

मुकुंद माळवदे माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. आधी खांदे बघतो, मग पोट, आणि तोंडापर्यंत नजर जाईतो गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. नाव विचारा, सांगता यायचं नाही. पण बडोद्याच्या तरसालीत कुणाचा उजवा हात लांब, कुणाचं पोट एका अंगाला जास्त सुटलंय, कोण पाठीत वाकत चाललाय, हे गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधडा सांगेल. मापाची वही त्यानं जन्मात ठेवली नाही. कुणी वहीचं काढलं की म्हणायचा, "वही हरपी जाई. हात कोठे जाई?"

अमळनेरकडचा, बोरीकाठचा माणूस. बाप शिंपी, आजा शिंपी. बाविसाव्या वर्षी बडोद्याला आला, मकरपुऱ्यात एका शेडमध्ये कारखान्यांचे युनिफॉर्म शिवले, शेड बंद पडली तेव्हा स्वतःचं मशीन घेतलं. आम्ही खान्देशी माणसं इथं बाजारात गुजराती बोलतो, शाळेच्या बाईंपुढं पुस्तकातली मराठी बोलतो आणि घराचं दार लावलं की आपली अहिराणी. दांडिया बाजाराकडची जुनी मराठी घरं तिला नाक मुरडतात. मुरडेनात का, नाक त्यांचं आहे.

तर हा मुकुंद मुळातच भित्रा. हे त्याच्या बायकोनं, अहल्यानं, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ओळखलं. पोलिसाची शिट्टी वाजली की याची टीप वाकडी जायची. बँकेत सही करताना घाम फुटायचा, पैसे स्वतःचे असले तरी. अहल्या साड्यांना फॉल लावायची आणि नवऱ्याचं भ्यालेपण हसण्यावारी न्यायची. "मना नवरा सुईले डोया दखाडस, मानूसले नही," म्हणायची. म्हणजे डोळे वटारणार ते सुईवर.

तरसालीत पाण्याच्या टाकीला लागून, कडुलिंबाखाली त्याची केबिन होती. चार पत्रे, एक फळी, मशीन, इस्त्री. एकोणीस वर्षं. कागद म्हणाल तर एकही नाही, कारण जागा रस्त्याची. अतिक्रमणाला इथं दबाण म्हणतात. एकदा रस्ता रुंद करायचं निघालं आणि दबाणवाले गाडी घेऊन आले. चपलांवाला उचलला, पानाची टपरी उचलली, सायकलवाल्याचा हवेचा पंप हवेतच लोंबत गेला. मुकुंदची केबिन तेवढी राहिली. का, तर त्या घटकेला केबिनमध्ये नगरसेवक उदयसिंहराव बनियनवर उभे होते, जाकिटाच्या ट्रायलला. त्यांनी पडद्याबाहेर नुसती मान काढली. म्हणाले, "आ रहेवा दो," म्हणजे हे राहू दे. गाडी निघून गेली.

तेव्हापासून ती केबिन उदयसिंहरावांच्या शब्दावर उभी. एवढी एकच केबिन त्या रांगेत, म्हणून गिऱ्हाईकही तिथंच. दोन पोरींची शिक्षणं आणि लग्नं त्या चार पत्र्यांतून निघाली. ती गेली तर मुकुंदजवळ दुसरं काही नाही, हे त्याला रोज सकाळी कुलूप उघडताना आठवायचं.

आता उदयसिंहराव. उंच, गोरे, बोलणं निम्मं मराठी, निम्मं गुजराती. कधी आवाज चढवायचे नाहीत. ओरडणाऱ्या पुढाऱ्याचं बरं असतं, ओरडून झालं की मोकळा. हे हळू बोलायचे. त्यांच्या वॉर्डातल्या पूर्णिमाबेननं रस्त्याच्या कामाबद्दल अर्ज केला होता. रस्ता कागदावर दोनदा झाला आणि जमिनीवर एकदाही नाही, एवढंच तिनं लिहिलं होतं. तिच्या घरचं पाणी अकरा दिवस बंद राहिलं. बाराव्या दिवशी टँकर घेऊन स्वतः उदयसिंहराव हजर. हात जोडून म्हणाले, "बेन, त्रास झाला असेल. मला आधी सांगायचं ना." तिनं अर्ज मागं घेतला. टँकरचा फोटो पेपरात आला.

त्या फोटोत उदयसिंहरावांचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. ती मुकुंदची करामत. उघड्या अंगानं उभे राहिले की त्यांचा डावा खांदा दीड इंच खाली. तरुणपणी जीपमधून पडले, हाड तिरकं बसलं. माणूस दिसण्याला फार जपणारा. मग मुकुंद जाकिटाच्या डाव्या खांद्यात पॅड घालायचा. आत कापूस, वर नमद्याचा लोकरी थर, त्यावर अस्तर, कडेला पातळ होत गेलेलं, बोट फिरवलं तरी कळू नये असं. हे तिघांना ठाऊक. उदयसिंहराव, त्यांची बायको आणि मुकुंद. पहिल्या जाकिटाच्या वेळी आरशात बघत ते म्हणाले होते, "मुकुंदभाई, हे आपल्या दोघांत." आणि मुकुंदच्या खांद्यावर हात ठेवला होता. हात हलका होता. त्या हलकेपणाचीच मुकुंदला भीती वाटली.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर इरा आली. हरणी भागातली मुलगी, केस कापलेले, पायात चपला दोन वेगळ्या. मित्रमैत्रिणी मिळून पिक्चर काढत होते. पदरचे पैसे, उसना कॅमेरा. पिक्चरचं नाव 'एका गटाराचं सातवं उद्घाटन'. त्यात धनाजीराव म्हणून एक पुढारी, तो एकच गटार सात वेळा उघडतो. गटाराला झाकण काही बसत नाही. माणूस पडून मरतो, पुढारी हार घालतो आणि झाकणाचं आश्वासन देतो. मग दुसरा पडतो.

"काका, पुढाऱ्याचं जाकीट पाहिजे," इरा म्हणाली.

"राजकारणातलं आपण काही करत नाही, बेटा."

"राजकारण कुठंय काका, पिक्चर आहे. सगळं खोटं."

"खोटं असलं तरी पुढारीच ना."

"तुम्ही फक्त शिवायचं. बोलणार आम्ही."

तिच्याबरोबर रमाकांत आले होते. रिफायनरीतून निवृत्त झालेले, गणपतीतल्या नाटकांतून चाळीस वर्षं कामं केलेले, ताठ खांद्यांचे. मुकुंदनं त्यांच्यावरून नजर फिरवली. झालं माप. मग त्यानं विचारलं, "पुढारी कसा पाहिजे?"

"जसा असतो तसा," इरा म्हणाली.

इथं घात झाला. पुढाऱ्याचं जाकीट म्हटल्यावर मुकुंदच्या हाताला एकच जाकीट येत होतं. छाती रमाकांतांची घेतली, पोट रमाकांतांचं घेतलं, लांबी त्यांची घेतली. पण गळा, खिसे, मुंढा, अस्तर हे सगळं हात आपोआप करत गेला, रेडिओवर भजनं चालू होती, आणि हातानं कापूस घेतला, नमदा घेतला, पॅड करून डाव्या खांद्यात टाकलं आणि अस्तर शिवून टाकलं. मुकुंदला पत्ता नाही.

कळलं ट्रायलला. रमाकांत जाकीट घालून आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा डावा खांदा कानाकडं चालला. दुखणाऱ्या दाढेवर हात धरलेला माणूस जसा दिसतो तसे दिसायला लागले. इरा बघतच राहिली. मग फळीवर बसून पोट धरून हसली.

मुकुंदनं जाकिटाची बाही धरली. म्हणाला, "चुकलं. काढा, उसवून देतो."

"हात लावू नका काका. हाच माझा धनाजीराव."

"अगं बेटा, चूक आहे ती."

"कसली चूक?"

आता काय सांगायचं? डाव्या खांद्यात पॅड कुणासाठी घालतो हे सांगितल्याशिवाय चूक सांगता येत नव्हती. आणि ते सांगणं हीच तर मोठी चूक. मुकुंद टेप गुंडाळत राहिला. इरा जाकीट घेऊन गेली.

महिन्याभरानं रमाकांत एका पिशवीत जाकीट घेऊन आले, मोठ्या खुशीत. डावा खांदा उसवलेला आणि हातात ते पॅड.

"मुकुंदराव, कमाल झाली. शोकसभेचा सीन चालू होता. माझा खांदा अवघडला, मी आत हात घातला, तर हे बाहेर. फोटोपुढं पडलं. मला वाटलं कट म्हणेल. पण ही पोरगी कॅमेरा बंद करायला तयार नाही. आमच्यातला एकजण कार्यकर्ता झाला होता, त्यानं ते उचललं, कपाळाला लावलं आणि मेलेल्याच्या फोटोजवळ ठेवलं. मग सगळे रांगेनं त्याच्या पाया पडले. हार घातला त्याला. आता तोच सीन परत घ्यायचाय जवळून. जरा शिवून द्या, पण असं शिवा की ओढलं की पडेल."

मुकुंदनं शिवून दिलं. नाही म्हणायला कारण पाहिजे, आणि कारण सांगता येत नव्हतं. रमाकांत गेल्यावर त्यानं केबिनचा पडदा ओढला आणि मशीनवर डोकं ठेवून बसला. गिऱ्हाईक आलं ते बाहेरूनच गेलं.

त्या दिवसापासून त्याची भूक गेली. कडुलिंबाखाली गाडी थांबली की हा कात्री खाली ठेवायचा. पालिकेचा कुणी मच्छरांचा धूर मारायला आला तरी पत्र्याला टेकून उभा. अहल्यानं चार दिवस पाहिलं आणि ताट समोर ठेवून विचारलं, "काय व्हयनं?"

त्यानं सांगितलं. पॅडचं गुपित बायकोलाही इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

अहल्या घास हातात धरून थांबली. "त्याना खांदा वाकडा शे?"

"हळू बोल."

"माले वाटे, त्यानं फक्त मन वाकडं शे."

"तुले हासू येस. मनी केबिन जाई."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून तो हरणीला इराच्या घरी गेला. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं नाव लिहून घेतलं त्याचीही त्याला धास्ती. आपण इथं आल्याचा कागद झाला. इरा लॅपटॉपवर पिक्चर जोडत बसली होती.

"बेटा, तो शोकसभेचा तुकडा काढून टाक."

"काका, तो तर जीव आहे पिक्चरचा. का पण?"

"कारण विचारू नको. तुझा एक ड्रेस फुकट शिवून देतो. तुझ्या आईचे ब्लाऊज देतो शिवून, जन्मभर."

इरा हसली नाही. तिनं पाणी आणून दिलं. "कुणी धमकी दिली का तुम्हाला?"

"नाही. कुणी काही बोललं नाही."

"मग?"

"बोलत नाहीत तेच."

सीन काढायला ती तयार झाली नाही. आठ जणांनी दीड वर्ष घातलंय काका, म्हणाली. शेवटी म्हणाली, "तुमचं नाव काढते पाहिजे तर. शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यात तुमचं होतं. काढून टाकते." मुकुंदला तेवढाच आधार वाटला. तो हात जोडून उठला. उतरताना जिना चुकला आणि वरच्या मजल्यावर गेला.

पिक्चर दाखवायचं ठरलं मांडवीजवळच्या एका जुन्या सभागृहात, रविवारी संध्याकाळी पाचला. सभागृह एका मराठी मंडळाच्या ताब्यात. आणि बडोद्यात मराठी माणसांचं काहीही असो, व्याख्यान असो, हळदीकुंकू असो, दिवा लावायला उदयसिंहराव. त्यांचं नाव पत्रिकेत नसेल तर त्या दिवशी हॉलचे पंखे नादुरुस्त असतात. मंडळाच्या चिटणीसांनी नेहमीच्या सवयीनं आमंत्रण धाडलं. पिक्चर गटाराचा आहे एवढंच त्यांनी ऐकलं होतं, म्हणून पत्रिकेत छापलं, 'विनोदी चित्रपट, विषय : स्वच्छता. प्रमुख पाहुणे : मा. उदयसिंहराव.'

मुकुंद गेला. न जाता घरी बसणं त्याला झेपलं नसतं. अहल्या बरोबर होती. दिवा लागला, नारळ फुटला, उदयसिंहराव पुढच्या रांगेत मधोमध बसले. अंगात मुकुंदनंच शिवलेलं राखाडी जाकीट. मुकुंदला जागा मिळाली नेमकी त्यांच्या मागच्या रांगेत, एक खुर्ची सोडून. उठून मागं जावं तर सगळे बघतील. दिवे गेले.

पुढचा तास-दीड तास त्यानं पडद्याकडं पाहिलंच नाही. तो त्या डाव्या खांद्याकडं बघत बसला. राखाडी कापडावर पडद्याचा उजेड पडायचा आणि जायचा. लोक हसत होते. पहिलं उद्घाटन, दुसरं, तिसरं. उदयसिंहरावही हसत होते, मान मागं टाकून, मोकळं. पडद्यावर धनाजीराव डावा खांदा कानाला लावून फिरत होता, आणि लोक नुसता खांदा बघून हसत होते. मंडळाचे चिटणीस सुरुवातीला हसले, मग त्यांना विषय कळला असावा, कारण ते उठून पाणी प्यायला गेले आणि परत आलेच नाहीत.

शोकसभा आली. मुकुंदनं खुर्चीचा हात धरला. पॅड पडलं. कार्यकर्त्यानं कपाळाला लावलं. सभागृह असं हसलं की बाहेरचा बाजाराचा आवाज ऐकू येईना. उदयसिंहराव सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. आणि हसता हसता त्यांचा उजवा हात वर आला, डाव्या खांद्यावर गेला, तिथलं कापड दोन बोटांनी चाचपलं आणि खाली आला.

हे एवढ्या माणसांत फक्त मुकुंदनं पाहिलं.

शेवटी नावं आली. कॅमेरा, आवाज, संकलन, चहा करणाऱ्या आनंदीमावशीसुद्धा. उदयसिंहराव बसून राहिले, शेवटच्या नावापर्यंत. मग उठले, स्टेजवर गेले, इराच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "अशा तरुण मुलांना आपण साथ दिली पाहिजे. समाजाला आरसा पाहिजे." टाळ्या झाल्या. जाताना मुकुंदजवळून गेले. थांबले नाहीत. निरोपाचं एवढंच म्हणाले, "आवजो, मुकुंदभाई."

मुकुंद बसमध्ये उभ्यानंच आला. घरी आल्यावर पलंगाच्या कडेवर बसला.

"तो हासना," अहल्या म्हणाली. "म्हनजे त्याले काही कळनं नही. जेव आते."

"त्यानं खांदाले हात लाया. मी दखं."

"खाज उठनी व्हई."

"दोन बोटं लाया त्यानं. पॅड जठे संपस ना, तठे."

अहल्यानं वाढायला घेतलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं, कळनं. काय करी तो? केबिन तोडी? तोडू दे. गाव दखी कोनी तोडी ती. तो उना तर मी उभी राहसू तठे."

"तू त्याले वयखत नही. पूर्णिमाबेनले त्यानं काय कयं?"

"म्हनीसन सांगस, आपलं आपन हलू नको. त्याले हलू दे पह्यले."

सोमवार गेला. कुणी आलं नाही. मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी सकाळी एक पालिकेची गाडी कडुलिंबाखाली येऊन थांबली. ड्रायव्हरनं उतरून टाकीमागं लघवी केली, हात झटकले आणि निघून गेला. मुकुंद तोवर पत्र्याला टेकून घामानं ओला झाला होता. वाट बघणं त्याच्याच्यानं होईना. गाडी येईल, पत्रे वाकतील, मशीन रस्त्यावर आपटेल, चार माणसं मोबाइल काढून उभी राहतील. हे चित्र त्याला दिवसातून वीसदा दिसायचं. त्यापेक्षा आपणच केबिन काढली तर मशीन तरी शाबूत राहील, असा त्यानं हिशोब केला.

गुरुवारी दुपारी, अहल्या बाजाराला गेलेली असताना, त्यानं एक टेम्पो बोलावला. पाना घेतला आणि स्वतःच्या हातानं केबिनचे नटबोल्ट सोडले. एकोणीस वर्षांचे गंजलेले, सुटता सुटेनात. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "शुं थयुं, काका? नोटीस आली का?" हा म्हणाला, "नाही, नाही. रंग द्यायचाय." पत्रे टेम्पोत, फळी टेम्पोत, मशीन मांडीवर. जमिनीवर पत्र्याखालचा चौकोन तेवढा राहिला, मातीचा रंग वेगळा. दोन तासांत संपलं.

अहल्या परत आली तर अंगणात पत्रे रचलेले आणि नवरा त्यांना ताडपत्रीनं झाकत होता. ती पिशवी घेऊन उभी राहिली.

"कोनी तोडी?"

"मीच."

"कोनी सांगं तुले?"

"कोनी नही."

ती आत गेली. भाजी निवडायला बसली. त्या दिवशी ती त्याच्याशी एवढंच बोलली, "त्यानं बोट हालाडं नही. आनि तू त्यानं काम करी टाकं."

आठ दिवसांनी उदयसिंहराव घरी आले. दुपारची वेळ. पांढरी गाडी गल्लीत मावेना, तरी आली. ड्रायव्हर बाहेर थांबला. ते वाकून दारातून आत शिरले, खोलीत नजर फिरवली, मशीन पाहिलं, पलंगावर रचलेले कपडे पाहिले.

"काय मुकुंदभाई, मजेत ना? मी टाकीपाशी गेलो होतो. केबिन नाही. मला वाटलं गावी गेलात की काय."

"काढून घेतली साहेब."

"कोणी काढायला लावली? नाव सांगा."

"कोणी नाही. पत्रे गंजले होते."

"अच्छा." ते पलंगावर बसले. "मला विचारायचं ना. आपली माणसं मला विचारून करतात."

अहल्या चहा घेऊन आली. कप ठेवला आणि पदर खोचून उभी राहिली. मराठीत, शुद्ध शाळेतल्या मराठीत म्हणाली, "साहेब, पत्रे नवीन बसवतो आम्ही. जागा आहेच ना?"

उदयसिंहरावांनी चहा फुंकला. "ती जागा तर गेली, भाभी. रिकामी दिसली, म्हणून एकजण मागत होता त्याला दिली. सोमवारीच. रसाचं मशीन टाकलंय त्यानं. आता गरिबाला उठवायचं कसं?" मग मुकुंदकडं वळून म्हणाले, "घरून शिवलेलं बरं. मलाही सोयीचं. तिकडं रस्त्यावर कपडे काढायला बरं वाटायचं नाही."

अहल्या आत गेल्यावर ते उठले, दार आतून लोटलं, जाकीट काढलं आणि बनियनवर उभे राहिले. "निवडणूक येतेय. तीन करायची आहेत. माप घ्या."

"माप पाठ आहे, साहेब."

"घ्या. परत घ्या."

मुकुंदनं टेप लावला. डावा खांदा आणखी उतरला होता, दोन सूत, म्हणजे पाव इंच. वय. त्यानं टेप परत लावला, तेवढाच. उदयसिंहराव आरशात त्याच्याकडं बघत होते. "वाढलं का?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"नाही साहेब. तेवढंच आहे."

"मग ठीक."

जाकीट घालून, बटणं लावून ते दाराशी गेले. कडीला हात लावून थांबले.

"तो पिक्चर चांगला होता. सगळ्यांची नावं आली शेवटी, चहावालीचं पण. कपडे कोणी शिवले ते नाही आलं. मी शेवटपर्यंत बघत होतो. त्या धनाजीरावाचं जाकीट फार कसबी हाताचं होतं. कोणी शिवलं असेल हो?"

आतल्या दारातून अहल्यानं नवऱ्याकडं पाहिलं. मुकुंद म्हणाला, "मला नाही माहीत, साहेब."

"शोधा जरा. तुमच्या लाइनीतला माणूस आहे. मला भेटायचंय त्याला." ते हसले, जिभेनं दातांवरून चहा पुसला आणि वाकून बाहेर पडले.

दार लागल्यावर अहल्या म्हणाली, "त्याले माहीत शे."

"माहीत शे," मुकुंद म्हणाला.

"मग सांगी टाकतास ना. मीच शिवं म्हनतास. काय उरनं शे आते आपलं, जे तो लई जाई?"

मुकुंदची नजर मशीनवर होती.

याला आता सहा महिने झाले. टाकीपाशी रसवाला बसतो, बर्फ भरपूर घालतो, धंदा जोरात आहे. मुकुंदकडं रस्त्यावरचं गिऱ्हाईक येत नाही. गल्लीच्या आत कोण शिंप्याला शोधत येतो? जे दोन-चार जुने येतात ते पांढरी गाडी दिसली की टोकावरूनच वळतात. हा साहेबांचा माणूस झाला, असं सगळ्यांना वाटतं. इराचा पिक्चर पुण्याला, गोव्याला दाखवला गेला म्हणे, कुठलंसं बक्षीसही मिळालं. तिनं पेढे पाठवले होते. अहल्यानं खाल्ले.

उदयसिंहराव महिन्यातून एकदा येतात. ट्रायल असते, नाहीतर बटण असतं, नाहीतर काहीच नसतं. जाकीट काढून उभे राहतात, आणि आरशात बघत दर वेळी त्याच हळू आवाजात विचारतात, "सापडला का तो कारागीर?"

पहिल्यांदा मुकुंद म्हणाला, शोधतोय साहेब. दुसऱ्यांदाही तेच म्हणाला. पण तिसऱ्यांदा आवाज फुटेना. तेव्हापासून त्यानं नवीन सवय लावून घेतली आहे. गल्लीच्या तोंडाशी ती गाडी वाजली की तो उठतो, डबीतल्या टाचण्या काढतो आणि एकेक करून ओठांत धरतो, सात-आठ, दहा. तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याकडून कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही. साहेब विचारतात. मुकुंद मान हलवतो. साहेब हसतात, खांदा पुढं करतात, आणि मुकुंद त्या खांद्याच्या कडेला, पॅड जिथं संपतं तिथं, पहिली टाचणी लावतो. साहेबांना ती अजून एकदाही टोचलेली नाही.